मुंग्यांच्या मागावर

मुंग्या गोडाला येतात, एवढंच मुंग्यांविषयीचं ज्ञान पदरी बाळगून मी साठी ओलांडली. उभी हयात बँकेत कर्जाच्या फायली तपासण्यात गेली. साखरेचा डबा फडताळात वरच्या फळीवर असतो हे ठाऊक होतं. तो तिथेच का असतो आणि त्याच्या झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद का लावलेला असतो, हे विचारायची वेळ कधी आली नव्हती.

यंदा मार्चअखेरीस आमची ही मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेली आणि सांगलीतल्या तळमजल्यावरच्या फ्लॅटचा कारभार एकट्या माझ्या हाती आला. जाताना तिने फ्रिजवर यादी चिकटवली होती. माठ एक दिवसाआड घासायचा. कुंड्यांना उन्हाळाभर दोन्ही वेळा पाणी, जास्वंदीला जरा जास्त. दूध गार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. कढीपत्त्याला ताक. चांगला फुलस्केप कागद भरला होता, पण मुंग्यांचा त्यात शब्दही नव्हता. तिच्या लेखी त्या सांगण्यासारखी गोष्ट नसाव्यात.

एप्रिल लागला, पारा चाळिशीला टेकला आणि एका सकाळी पाणी प्यायला गेलो तर माठाच्या तिवईवर बारीक मुंग्यांची रांग. मी आधी माठातच डोकावलो. पाण्यात कुणी साखर टाकली की काय! मग आठवलं, घरात मी एकटा. शिवाय मला मधुमेह, त्यामुळे माझा चहासुद्धा बिनसाखरेचा. गोडाचा कण न सांडणाऱ्या घरात मुंग्या कशाला आल्या, हे कोडं सुटेना. त्यात दुसरी रांग न्हाणीघरात दिसली आणि माझ्या पोटात गोळाच आला. मधुमेह्याच्या लघवीला मुंग्या लागतात हे आपल्याकडे चरकसंहितेपासून नोंदलेलं आहे, हे मी कुठेतरी वाचलं होतं. नको त्या वेळी असलं वाचन बरोबर आठवतं. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त देऊन आलो. साखर नेहमीइतकीच निघाली. रिपोर्ट बघता बघता डॉक्टरांनी मुंग्यांची हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, “काका, उन्हाळा आहे. त्या पाण्याला आल्यात.”

इतकं सोपं. मुंगीचं अंग एवढंसं, कोरड्या उन्हात ते चटकन सुकतं. शिवाय तिच्या शरीराचं तापमान बाहेरच्या हवेवर चालतं, त्यामुळे उन्हाळ्यात तिची धावपळही वाढते. माठ पाझरतो, म्हणून तर पाणी गार होतं, आणि त्या पाझराने तिवई चोवीस तास ओली असते. न्हाणीघर, सिंकखालचा गळका सांधा, फ्रिजमागची पाण्याची थाळी, सगळीकडे तेच. आमच्या घरात तिला साखर मिळत नव्हती, पण पाणपोई जागोजाग होती.

कारण कळलं म्हणून मुंग्या जात नाहीत. मी दुकानातून फवारा आणला आणि रांगेवर धरला. मुंग्या जागच्या जागी मेल्या, ओटा चकचकीत पुसून घेतला, आणि संध्याकाळी ऐटीत न्यू जर्सीला फोन लावला. तिथे सकाळ होती. ही म्हणाली, “अहो, ओट्यावर फवारा मारलात? पोळपाट उचललं होतंत का आधी?” पोळपाट उचललं नव्हतं. ते घासून घेतलं.

दोन-तीन दिवस शांततेत गेले आणि मग मुंग्या दोन ठिकाणांहून यायला लागल्या. एक रांग खिडकीच्या चौकटीतून, दुसरी थेट विजेच्या बोर्डातून. बोर्डातली रांग बघून तर मी चक्रावलोच, भिंतीच्या आत यांना काय मिळत असेल? इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडून दाखवला. वायरींच्या नळीतून मुंग्यांचा राजमार्ग गेला होता, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, भिंतीच्या पोटातून. “तुमची बेल वाजत नव्हती ना, ती यांच्यामुळे,” म्हणत त्याने स्विचच्या पत्त्यांत चिरडलेल्या मुंग्यांचा भुगा फुंकून टाकला. बेल बंद आहे हे मला तेव्हा कळलं. कुणी येतच नाही, अशी माझी समजूत झाली होती.

आता सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. कामाच्या मावशी म्हणाल्या, खडू ओढा. समोरच्या काकू म्हणाल्या, लवंगा ठेवा. कुणी कापूर सांगितला, कुणी काकडीची सालं. मला लहानपणची गमॅक्झिन आठवली. आई घराच्या कडेने ती पांढरी पूड भुरभुरायची आणि तिचा उग्र वास आठवडाभर नाकातून जायचा नाही. दुकानात मागितली तर पोरगा हसला. “आजोबा, ती कधीच बंद झाली.” तिच्यातलं लिंडेन इतकं घातक निघालं की भारतात 2013 पासून त्याच्या वापरावर पूर्ण बंदी आहे. आम्ही त्या पुडीच्या रेषेवरून उड्या मारत खेळलो होतो, ते तेवढ्यापुरतं मनात आलं.

हळदीचा उपाय मला मनापासून पटला, तो निव्वळ गावाच्या अभिमानापोटी. हळदीच्या बाजारासाठी सांगलीचं नाव देशभर आहे. शेजारी हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची, आणि 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा गावात मुंगीने हळदीला भीक घालू नये म्हणजे काय! मी तिवईभोवती घसघशीत पिवळी रेघ ओढली. मुंग्या रेघेपाशी थबकल्या, मिशा हलवत मागे वळल्या, इकडून तिकडून चाचपून बघायला लागल्या. विजय झाला असं वाटलं. मग उकाडा सोसेना म्हणून पंखा लावला. वाऱ्याने रेघ विस्कटली, एका जागी बोटभर खिंड पडली आणि तिथून वाहतूक पूर्ववत सुरू झाली. पांढऱ्या फरशीवर हळदीचा डाग मात्र राहिला, तो पुसताना मावशींनी जे तोंड केलं ते लिहिण्यासारखं नाही.

पाण्याचा खंदक त्यातल्या त्यात बरा चालला. जुन्या घरांत फडताळाचे पाय दगडी नाहीतर चिनीमातीच्या वाट्यांत असत आणि वाट्यांत पाणी, हे मला आठवत होतं. मी तिवईचे पाय स्टीलच्या वाट्यांत ठेवले. पण उन्हाळ्यात धूळ किती! दोन दिवसांत पाण्यावर तवंग आला आणि हलक्या अंगाच्या मुंग्या त्या तवंगावरून कोरड्या पायांनी चालत गेल्या. काकूंनी सांगितल्यावर वाटीत भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकायला लागलो. साबणाने पाण्याचा वरचा ताण मोडतो, मग मुंगी तरंगत नाही, बुडते. माठ सुटला. बाकीचं घर होतं तिथेच होतं.

सकाळी आमराईत फिरायला जाणाऱ्या आमच्या टोळक्यात प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. राजकारणावर बोलणं निघालं की ते झाडांकडे बघत बसतात, म्हणून त्यांच्याशी माझी फारशी ओळख नव्हती. मुंग्यांचा विषय काढला आणि सर खुलले. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा, “कुठल्या मुंग्या?”

मी म्हटलं, “बारीक.”

“बारीक म्हणजे? पिवळट लाल? काळ्या, लांब पायांच्या, सैरावैरा पळणाऱ्या? की डोकं काळपट आणि मागचा भाग नुसता धुरकट?”

मी इतके दिवस त्यांना मारत होतो, पण नीट पाहिलं नव्हतं. घरी येऊन वर्तमानपत्र वाचायचं भिंग काढलं आणि ओट्यावर वाकलो. डोकं गडद तपकिरी, पोट फिकं, जवळजवळ आरपार दिसणारं. पांढऱ्या फरशीवर चालताना नुसता काळा ठिपका सरकल्यासारखा दिसायचा, बाकीची मुंगी नजरेला सापडायचीच नाही. सरांनी सांगितल्याप्रमाणे एक बोटाखाली चिरडून हुंगली. खवट खोबऱ्यासारखा वास आला. “टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम,” दुसऱ्या दिवशी सरांनी निदान केलं. “फवाऱ्यानं तुम्ही यांना उलट मदत केलीत.”

या जातीत एका वसाहतीत एकच राणी नसते, अनेक असतात. धोका जाणवला की काही राण्या, काही कामकरी आणि पिल्लं असा एक गट उठतो आणि दुसरीकडे बिऱ्हाड थाटतो. माझ्या फवाऱ्याने समोरच्या रांगेतल्या शे-दोनशे मेल्या असतील, पण एका घराची दोन घरं झाली. रांगेत दिसतात त्या मुळात वसाहतीतल्या थोड्याच, आणि त्याही बहुधा वयाने मोठ्या. मुंग्यांमध्ये तरुण कामकरी आत राहून पिल्लं सांभाळतात आणि वय झालेल्या जोखमीच्या बाहेरच्या कामावर जातात. हे ऐकून मला जरा बरं वाटलं. आमच्याकडेही भाजी आणायला निवृत्त माणसालाच पाठवतात.

“तुम्ही रांगेच्या या टोकाला भांडताय,” सर म्हणाले. “ते टोक कुठे आहे ते बघा ना आधी.”

मग त्यांनी रिचर्ड फाइनमनची गोष्ट सांगितली. या नोबेल मिळवलेल्या भौतिकशास्त्रज्ञाच्या आठवणींचं पुस्तक 1985 मध्ये आलं, त्यात मुंग्यांवर बरीच पानं आहेत. त्याच्या न्हाणीघरात मुंग्या आल्या तेव्हा त्याने टबाच्या कडेला साखर ठेवली आणि साखर घेऊन परतणाऱ्या मुंगीच्या मागे रंगीत पेन्सिलने रेघ ओढत गेला. पहिली मुंगी वेडीवाकडी गेली, पण तिच्या वासाच्या मागावरून जाणाऱ्या पुढच्या मुंग्यांनी प्रत्येक वळण थोडं थोडं कापलं आणि रेघ सरळ होत गेली. त्याआधी प्रिन्स्टनला असताना तर त्याने कागदाच्या कपट्यांवर मुंग्यांना बसवून दुसरीकडच्या साखरेपर्यंत नेण्या-आणण्याची फेरीसेवाच चालवली होती, आणि त्यांचा कोठीघरातला रस्ता एकही मुंगी न मारता मोडला. नोबेलवाल्याला एवढा वेळ होता तर मला किती असेल?

पेन्सिलपेक्षा सोपी युक्ती मला सुचली. या मुंग्यांचं पोट आरपार दिसतं, मग तेच रंगवलं तर? फ्रिजमध्ये पाहुण्यांसाठी गुलाबाच्या सरबताची बाटली होती. त्यातला थेंबभर पाण्यात कालवून स्टीलच्या झाकणात ठेवला आणि खुर्ची ओढून भिंग घेऊन बसलो. पहिली मुंगी आली ती बऱ्याच वेळाने, थेंबाला लागून गेली. मग पाच-सहा आल्या. मग थेंबाच्या काठाने अशी दाटी झाली की मुंगी शिरायला जागा नाही म्हणतात ते अक्षरशः. सगळ्यांची तोंडं आत, पोटं बाहेर. आणि त्या पोटांत हळूहळू गुलाबी रंग चढायला लागला. आधी फिकी छटा, मग पोट ताणून कड्या सुट्या दिसायला लागल्या आणि मधून माणकासारखा लाल ठिपका. एक भरली की मागे सरायची, मिशा पुसायची आणि जड पोटाने चालू लागायची. वाटेत समोरून रिकाम्या पोटाची भेटली की दोघी तोंडाला तोंड लावून थांबत. हिच्या पोटातला गुलाबी ठिपका किंचित कमी व्हायचा, तिच्यात फिका गुलाबी उमटायचा.

यातलं मर्म सरांनी नंतर उलगडलं. प्रौढ मुंगी घट्ट पदार्थ गिळूच शकत नाही, तिला फक्त द्रव चालतो. तिला दोन पोटं. एक स्वतःचं, दुसरं सगळ्यांचं. बाहेरून आणलेलं पातळ अन्न या दुसऱ्या पोटात ठेवायचं आणि घरी जाऊन राणीपासून पिल्लांपर्यंत वाटायचं. घट्ट अन्न घरी नेऊन अळ्यांना द्यायचं, ते पचवायचं काम अळ्यांचं. साखरेचा दाणा उचलून नेणारी मुंगी तो खाताना आपण कधी पाहत नाही, ती तो भिजवून चाटते.

लाल पोटांचा माग काढणं सोपं होतं. ओट्यावरून सिंकमागे, सिंकमागून खिडकीच्या चौकटीला, चौकटीच्या कोपऱ्यातली व्हाइट सिमेंट निखळलेली चीर, चिरेतून बाहेर. मी चपला घालून बाहेर गेलो आणि खिडकीखाली भिंतीला टेकून असलेल्या कुंड्यांपाशी वाकलो. रांग भिंतीवरून उतरून जास्वंदीच्या कुंडीत जात होती.

हिची लाल जास्वंद. गणपतीला रोज एक फूल, हा तिचा नेम. मी यादीप्रमाणे दोन्ही वेळा आणि जरा जास्त पाणी घालून भर उन्हाळ्यात त्या कुंडीची माती लोण्यासारखी ठेवली होती. आसपासची सगळी जमीन तडकलेली असताना एवढी गार, ओली जागा दुसरी कुठे मिळणार? कुंडीच्या कडेची माती चमच्याने उकरली तर आतून पांढऱ्या ठिपक्यांचा पुंजका आणि त्यावर मुंग्यांची धावाधाव. मी माती पुन्हा लावून टाकली.

पण खरी गंमत वर होती. एक रांग खोडावरून कळ्यांकडे चढत होती. भिंग धरलं. कळ्यांच्या देठांना आणि कोवळ्या शेंड्यांना कापसासारखं पांढरं काहीतरी चिकटलेलं. पिठ्या ढेकूण. झाडाचा रस शोषतात आणि जादा साखर चिकट थेंबांच्या रूपात मागून टाकून देतात. मुंग्या त्या ढेकणांपाशी जायच्या, मिशांनी थोपटायच्या आणि थेंब बाहेर आला की पिऊन घ्यायच्या. त्या बदल्यात ढेकणांना खाणाऱ्या किड्यांना हाकलून लावायचं, असा हा गुराखीपणा. आमच्या स्वयंपाकघरात त्या पाण्यासाठी आणि वरकड खाऊसाठी येत होत्या, मुख्य दूधदुभतं इथे होतं. ज्या घरात साखर नाही तिथे गोडखाऊ मुंग्या कशा, याचं उत्तर जास्वंदीच्या शेंड्यावर बसलं होतं.

फोनवर हे सांगितलं तेव्हा पलीकडे शांतता. मग, “जास्वंद उपटू नका हं अहो.”

जास्वंद उपटायचा प्रश्नच नव्हता. पिठ्या लागलेले शेंडे छाटून कागदात गुंडाळले आणि मुंग्या झटकून कचऱ्यात टाकले. उरलेल्या फांद्यांवर साबणाचं पाणी आणि कडुनिंबाचं तेल मारलं, उन्हं उतरल्यावर, म्हणजे पानं करपत नाहीत. कुंड्या भिंतीपासून हातभर लांब सरकवल्या आणि पाणी एका वेळेवर आणलं. खिडकीची चीर व्हाइट सिमेंटने बुजवली. ओट्यापासून चौकटीपर्यंतचा माग साबणाच्या पाण्याने दोन-दोनदा पुसला, कारण नुसत्या ओल्या फडक्याने वासाची रेघ पुरती जात नाही.

राहिली वसाहत. तिचं औषध कॅरमच्या डब्यात सापडलं. सुट्ट्या लागल्यामुळे वरच्या मजल्यावरची पोरं दिवसभर जिन्यात कॅरम बडवत असतात, आणि बोर्डावर भुरभुरतात ती चांगल्या प्रतीची पूड बोरिक ॲसिडचीच असते. मी डबा उलटून बघितला, तर त्यावर कसली पूड ते लिहिलेलंच नव्हतं. म्हणून औषधाच्या दुकानातून नाव छापलेली बोरिक पावडर आणली आणि साखरेच्या पाण्यात सढळ हाताने कालवली. झाकणापाशी आठ-दहा मुंग्या मरून पडल्या आणि बाकीच्या झाकणाला वळसा घालून जायला लागल्या. सर वैतागले. “अहो, ती घरी पोचून वाटेपर्यंत जगली पाहिजे! विष जितकं कमी, तितकं ते आत जाईल.” मुंगीचं सगळ्यांसाठीचं पोट इथे तिच्या विरुद्ध वापरायचं असतं. प्रमाण असं, अर्धा लिटर पाण्याला साधारण 50 ग्रॅम साखर आणि फक्त 5 ग्रॅम बोरिक पावडर. त्यात कापसाचा बोळा भिजवून जुन्या बाटलीच्या झाकणात, मुलं आणि मांजरं पोचणार नाहीत अशा जागी. मी एक झाकण फ्रिजमागे ठेवलं, एक बोर्डाखाली, एक कुंडीपाशी विटेच्या आडोशाला.

या उपायातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे पुढचे काही दिवस गप्प बसणं. मुंग्या कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट आल्या. गुळाला मुंगळे लागावेत तशा कापसाला लागल्या. मावशी केरसुणी घेऊन धावल्या तर मी मध्ये उभा राहिलो. “साहेब, पाळताय का काय?” त्यांनी विचारलं. मग गर्दी विरळ झाली. रांगेत खंड पडायला लागले. एक-दोन मुंग्या कापसाभोवती उगीच फिरून परत जाताना दिसायच्या. बोर्डातली वाहतूक आधी थांबली, कुंडीतली सगळ्यात शेवटी.

तोवर माझं लक्ष आवारातल्या औदुंबराकडे गेलं होतं. काकू रोज सकाळी त्याच्या बुंध्याशी पिठात साखर कालवून घालतात. मुंग्यांना अन्न म्हणजे पुण्य. आधी मला त्यांचा राग आला होता, आम्ही घरात लढतोय आणि या शत्रूला रसद पुरवताहेत. पण तिथल्या मुंग्या वेगळ्याच निघाल्या, मोठे काळे मुंगळे, आणि ते आमच्या घराच्या दिशेला ढुंकूनही बघत नव्हते. सर म्हणाले, फाइनमनने कागदाचे कपटे हलवून केलं ते या बाई चिमूटभर पिठात करतात. काकूंना मी हे सांगितलं नाही. फाइनमन कोण, इथपासून सुरुवात करावी लागली असती.

आणखी एक गोष्ट सरांनी सांगितली ती माझा विजयाचा ताठा उतरवणारी होती. स्टॅनफर्डच्या डेबोरा गॉर्डन आयुष्यभर मुंग्यांचाच अभ्यास करत आल्या आहेत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या घरांत शिरणाऱ्या अर्जेंटिनी मुंग्यांवर नोंदी ठेवल्या आणि 2001 मध्ये प्रसिद्ध केल्या. मुंग्या घरात सगळ्यात जास्त येत थंड-ओल्या हवेत, त्याखालोखाल उष्ण-कोरड्या हवेत, आणि कीटकनाशक वापरलं की नाही याने फारसा फरक पडत नसे. म्हणजे माझ्या मुंग्या बोरिकने गेल्या की मेअखेरच्या वळवाच्या सरींनी, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. दोन्ही एकाच आठवड्यात आले. मी बोरिकच्या बाजूने आहे, कारण त्या लाल पोटांमागे मी वाकत वाकत गेलो होतो.

जूनमध्ये नात झाली. बारशाच्या गडबडीतून सवड काढून एका सकाळी हिचा फोन आला. तिथे रात्र झालेली होती. आवाज दबका.

“अहो, इथेही आल्या.”

“कोण?”

“मुंग्या! सिंकपाशी. काळ्या, मोठ्या आहेत. जावई म्हणतात लाकडी घर आहे, या लाकूड पोखरतात, माणूस बोलवावा लागेल. तुमचं ते पाणी कसं करायचं ते सांगा. पेन घेतलंय मी.”

मी खुर्चीत सरळ बसलो. अर्धा लिटर पाणी, पन्नास ग्रॅम साखर, सपाट चमचाभर पावडर, कापसाचा बोळा. आधी कुठून येतात ते बघ, बाहेर कुंड्या आहेत का बघ, रात्री टॉर्च घेऊन बस, असं सगळं ओळीने सांगत गेलो. सुतारमुंग्या ओल्या, कुजक्या लाकडात घर करतात, कुठे पाणी गळतंय का तेही बघ, म्हटलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.

“झालं?” ती शेवटी म्हणाली. “लिहून घेतलंय. पण घरात तान्हं बाळ आहे, ते बोरिक-फिरिक काही मी ठेवू द्यायची नाही. साबणाच्या पाण्याने पुसते आणि सिंकखाली गळतंय ते जावयांना बघायला सांगते. आणि काय हो, जास्वंदीला कळ्या आल्या का?”

आल्या होत्या. चार दिसत होत्या, आणि देठ स्वच्छ होते.